नंबर पुसलेले रूळ

एका गावी, मोबाईलचे मनोरे देवळाच्या कळसाहून उंच झाल्यानंतरच्या काळात, एक लेथवाला राहत असे. त्याचे नाव मोरेश्वर पांचाळ. ट्रॅक्टरचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे दाते, गिरणीची चाके अशी गावाची सगळी मोडतोड त्याच्या वर्कशॉपात येई आणि दुरुस्त होऊन जाई. माणूस पंचेचाळिशीचा, हाताचा पक्का आणि अचूकतेचा भक्त. इतरांच्या खिशात पेन असते, त्याच्या खिशात मायक्रोमीटर असे. बायकोने लाटलेल्या पोळीची जाडी त्याने आयुष्यात एकदाच मोजली होती. दुसऱ्यांदा मोजण्याचा प्रसंग आला नाही, कारण पुढचा आठवडाभर त्याला पोळीच मिळाली नाही.

ह्या मोरेश्वराने सात वर्षे खपून वाफेचे एक इंजिन केले. खेळणे म्हणावे, तर ते उचलायला चार माणसे लागत. इंजिन म्हणावे, तर मांडीपेक्षा उंच नव्हते. पण त्याच्या पोटात खरा कोळसा जळे, खरी वाफ होई आणि शिट्टी अशी वाजे की शेजारच्या म्हशी दूध चोरत. मागे बाकांच्या दोन गाड्या होत्या. त्यांवर घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय सोडून बसायचे. गावातून पूर्वी छोटी रेल्वे जात असे, तिच्या इंजिनाची ही हुबेहूब लहान प्रत होती. ती रेल्वे बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. रूळ उचलून नेले गेले, स्टेशनात खताचे गोदाम झाले, आणि ‘नवीन मार्गाचा प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढी पाटी उरली. प्रस्तावाचे काय झाले कोणास ठाऊक, पण पाटी दर पाच वर्षांनी नेमाने रंगवली जाई.

इंजिन तयार झाले, आणि मग मोरेश्वराच्या ध्यानात आले की त्याला धावायला रूळ नाहीत. मोठमोठ्या योजनांत होते तेच त्याच्या छोट्या योजनेत झाले होते. कायमचे रूळ घालावेत इतकी जागा त्याच्यापाशी नव्हती. तेव्हा त्याने ठरवले की रूळ फिरते करायचे. पुरुषभर लांबीचे सुटे तुकडे, प्रत्येकात वीतभर अंतरावर दोन रूळ, खाली लोखंडी आडपट्ट्या. टेंपोत घालून न्यायचे, मैदानात बोल्टांनी जोडून लांबट रिंगण करायचे, गाडी फिरवायची आणि संध्याकाळी उचलून घरी आणायचे.

रुळांचे ज्ञान घ्यायला तो हैबती मुकादमाकडे गेला. हैबती हा छोट्या रेल्वेवर रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम होता. चौतीस वर्षे तो रुळांवरून चालला, पण गाडीत बसून रुळांवरून गेला मात्र कधी नाही. टोळीचा रिवाजच तसा होता. गाडी आली की हत्यारे उचलून बाजूला व्हायचे, हिरवे निशाण दाखवायचे आणि गाडी गेली की पुन्हा कामाला लागायचे. शेवटच्या दिवशीची शेवटची गाडीसुद्धा अशीच गेली. सहाजण रुळांच्या कडेला उभे होते, ड्रायव्हरने लांब शिट्टी दिली, डब्यांतून लोकांनी हात हलवले, आणि गाडी थांबली नाही. कारण तिथे थांबा नव्हता.

हे ऐकून मोरेश्वराने एकदा भरात शब्द दिला होता, की सहाही जणांना आपल्या गाडीत बसवीन. त्याला तीन वर्षे झाली. तेवढ्यात सहातला लिंबाजी गेला आणि हैबती धरून पाच उरले. त्यांतला वडील रावजी शहाऐंशीचा होता. तो भेटेल तिथे मोरेश्वराला विचारी, “कवा यायची रं गाडी?” आणि मोरेश्वर सांगे, “ह्या जत्रेला नक्की.” ह्या वेळची जत्रा चुकली तर पुढच्या जत्रेत हे उत्तर ऐकायला कितीजण असतील, हे मोरेश्वराच्या मायक्रोमीटरला सांगता येत नव्हते.

हैबतीने शिष्याला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितले होते. “आधी फर्मा कर, मग रूळ.”

मोरेश्वराने फर्मा केला. पितळेची जाड पाटी, दोन रुळांसाठी दोन खाचा आणि बोल्टांची चार भोके. कोणत्याही तुकड्याच्या टोकाला ही पाटी लावावी आणि तिच्याबरहुकूम रूळ बसवून भोके पाडावीत, एवढाच तिचा उपयोग. पण काम इतके देखणे झाले की ते वापरून ओरखडे पाडण्याचे मोरेश्वराच्या जिवावर आले. शिवाय फर्म्याप्रमाणे केलेले पहिले दोन तुकडे जोडून पाहिले, तर सांध्यात केसभर फट दिसली. ज्याने पोळी मोजली त्याला ही फट कशी सोसावी? त्याने फर्मा भिंतीवर टांगला. खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिले, आणि रूळ आपल्या रीतीने करायला घेतले.

रीत अशी. पहिल्या तुकड्याला दुसरा चिकटवून घासायचा, फट पार नाहीशी झाली की दोघांना मिळून भोके पाडायची. मग दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. असे अठ्ठावीस वाकडे आणि दहा सरळ, मिळून अडतीस तुकडे झाले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला, बाण काढला, आणि क्रमवारीची यादी तीन प्रतींत करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

जत्रेच्या नऊ दिवस आधी गावच्या मंगल कार्यालयात परीक्षा झाली. गुळगुळीत फरशीवर एक ते अडतीस तुकडे मांडले गेले आणि गाडी निघाली. ती धावली म्हणण्यापेक्षा वाहिली म्हणावे. बाकावर ठेवलेल्या पेल्यातले पाणी हलले नाही. चाकांचा आवाजही आला नाही. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांना इंजिनातले काहीच कळत नव्हते त्यांनी सुधारणा सुचवल्या.

हैबती मात्र बाकावर बसला नाही. हातात लहान हातोडी घेऊन तो रिंगणाच्या कडेने चालला, प्रत्येक सांध्यावर एक टोला देत गेला आणि शेवटी त्याने विचारले, “हे आकडे कशापायी?”

मोरेश्वराने मोठ्या उत्साहाने नंबर, बाण आणि यादी समजावून सांगितली, आणि यादीची एक प्रत त्याला भेटही दिली. हैबतीने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी घालून टोपीत ठेवली आणि सांगितले, “समदे तुकडे उद्या माझ्या अंगणात आणून टाक.”

मोरेश्वराला वाटले, गुरूला शेवटचा हात फिरवायचा असेल. त्याने तुकडे पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला गेला. पाहतो तो म्हातारा उकिडवा बसून पॉलिश पेपरने नंबर घासून काढत होता. एकतीस तुकडे कोरे झाले होते. नुसते कोरे नव्हे, वांग्याच्या वाफ्यांपर्यंत वाटेल तसे विखुरले होते. मोरेश्वराला पाहून त्याने पॉलिश पेपरचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला. “सात राहिलेत. पूस.”

सात आठवड्यांचे काम होते ते. आता कोणता तुकडा कोणाचा शेजारी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते, आणि जत्रा सात दिवसांवर आली होती. वयाचा मान राखून तो काही बोलला नाही. सरळ पाठ फिरवून घरी आला. घरी मात्र बोलला. म्हाताऱ्याला चळ लागला आहे, इतक्या बारकाईने केलेल्या कामावर कोणी असा हात घालतो का, असे तो बराच वेळ ऐकवत राहिला. त्याची बायको रोहिणी तांदूळ निवडत शांतपणे ऐकत होती.

“पोळी मोजलीत तेव्हा मलाही अगदी असंच वाटलं होतं,” ती म्हणाली. “पण विचारून तरी या, का पुसले ते. मी विचारलं नव्हतं, म्हणून आठवडाभर तुमचे हाल झाले.”

तो परत गेला. हैबतीने तेवढ्यात अंगणाच्या खालवर जमिनीवर हाताला लागतील ते सहा तुकडे ओळीने मांडून ठेवले होते. कुठे रुळाशेजारी रूळ दोन सूत उंच, कुठे भोकासमोर भोक नाही. तुकड्यांबरोबर टेंपोतून आलेली बाकाची एक रिकामी गाडी त्यांवर ठेवून त्याने मोरेश्वराला ढकलायला सांगितले. पहिला सांधा कसाबसा पार झाला. दुसऱ्यावर गाडी घसरली आणि वांग्यांत जाऊन पडली.

“बघितलंस?” हैबती म्हणाला. “बस असा.”

दोघे ओट्यावर बसले. हैबतीने तंबाखूला चुना लावला आणि मग सावकाश बोलला.

“मिस्तरी, तुझा सातवा तुकडा आठव्याला वळखतो, नवव्याला वळखत न्हाई. आठवा मोडला तर सातव्यानं कुठं जायचं? तू एकेकाला शेजाऱ्याशी जुळवलंस. पहिल्याची केसभर चूक दुसऱ्यानं झाकली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. अडतीस जणांनी एकमेकांच्या चुका झाकल्या, तवा गाडी पळाली.”

(ह्या पद्धतीने कित्येक कचेऱ्या वर्षानुवर्षे सुरळीत चालत आलेल्या आहेत. पण त्यांच्यावरून गाडी जायची नसते.)

“आमच्या लायनीवर रूळ मोडला, की डेपोतला कंचाबी रूळ यायचा अन बसायचा,” हैबती पुढे म्हणाला. “शेजारी कोण मिळंल हे त्याला ठावं नसायचं, माप ठावं असायचं. शेजारी बदलतो, जमीन बदलती. माप बदलत न्हाई. म्हणून जुळवायचं ते मापाशी. शेजाऱ्याशी जरा फट ठेवून ऱ्हायचं. ऊन लागलं, चढउतार आला, की लोखंडालासुदिक अंग हलवाय जागा लागती. मापात सूट न्हाई, सांध्यात ताठा न्हाई. एवढीच आमची रेल्वे.”

मोरेश्वराने वांग्यांत पडलेली गाडी उचलून सरळ केली. मग त्याने उरलेले सात नंबर स्वतः पुसले.

वर्कशॉपात येऊन त्याने भिंतीवरचा फर्मा उतरवला. त्याच्यावरचे हळदकुंकू अजून तसेच होते. फर्म्याची त्या घरात पूजा झाली होती, वापर तेवढा राहिला होता. आता एकेक तुकडा त्या फर्म्यापुढे येऊ लागला. टोके कापायची, पुन्हा बसवायची, जुनी भोके बुजवून नवी पाडायची. सांध्यावर दोन तुकडे धरणाऱ्या जोडपट्टीची भोके हैबतीने कानसून लांबट करायला लावली, म्हणजे बोल्ट आवळल्यावरही सांध्याला किंचित हलता यावे. प्रत्येक सांध्यात नाण्याच्या जाडीची फट ठेवताना मोरेश्वराला पहिले दोन दिवस दाढ काढल्यासारखे होई. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले की काम दुपटीने उरकते आहे. कोण कोणाशेजारी, हे पाहायचे कारणच उरले नव्हते. पाचव्या दिवशी रोहिणीने डोळे मिटून ढिगातले दोन तुकडे ओढले आणि जोडले. ते बसले. तिने आणखी दोन ओढले, तेही बसले. मग तिला त्याचा नादच लागला आणि मोरेश्वराने लेथ बंद करून तिच्यापुढे चहा ठेवला, हे त्या वर्कशॉपाच्या इतिहासात प्रथमच घडले.

जत्रेच्या सकाळी तुकडे जुन्या स्टेशनामागच्या मैदानात आले. टेंपोवाल्याने ते दोन्ही बाजूंनी, जसे हाताला येतील तसे, उतरवले. जमीन ओढ्याकडे उतरती होती, आणि जिथे पूर्वी फलाटाचे टोक होते तिथे उंचवटा होता. तरी तासाभरात रिंगण पुरे झाले. इंजिनात जाळ घातला. रावजी नवा फेटा बांधून तास आधीच येऊन बसला होता. गाडी चुकेल अशी त्याला भीती होती. बाकीचे तिघे त्याच्या शेजारी ओळीने बसले होते.

आणि तेवढ्यात गुळाचे एक व्यापारी आपल्या ट्रॅक्टरवरून, स्वतःच ट्रॉली मागे घेत, दुकान मांडायला आले. मागे पाहणे हे नोकरांचे काम, अशी त्यांची समजूत असावी. भरलेल्या ट्रॉलीचे चाक एका सरळ तुकड्यावरून गेले. खाली उतरून त्यांनी चपटा झालेला रूळ पाहिला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “अहो, एवढीशी रेल्वे अशी जमिनीवर ठेवतात का?”

कोणी हसले नाही. जास्तीचा तुकडा त्याने केला नव्हता. वर्कशॉपात जाऊन नवा करावा, तर इंजिनातली वाफ निवणार, ऊन चढणार, आणि रावजीला फार वेळ बसवत नसे. त्याने वळून हैबतीकडे पाहिले. हैबती तळहातावर तंबाखू मळत होता. मान वर न करता मळतच राहिला.

मोरेश्वराने क्षणभर रिंगणाकडे पाहिले. मग त्याने पाना घेतला. मोडलेल्या तुकड्याचे बोल्ट काढून तो बाजूला ठेवला. नंतर चालत समोरच्या बाजूला गेला आणि तिथला एक धडधाकट सरळ तुकडाही काढून ठेवला. लोकांना वाटले, पांचाळाचे डोके फिरले. रोहिणीला मात्र तत्क्षणी कळले, कारण तिने पदर खोचला.

“दोन्ही बाजूंना आता सारखीच जागा पडली. हे इंजिन नसलेलं अर्धं रिंगण सगळ्यांनी मिळून उचला,” मोरेश्वराने सांगितले, “आणि एका तुकड्याएवढं अलीकडे आणा.”

बायाबापड्या, टेंपोवाला, फुगेवाला, जत्रेचे पुढारी, दिसतील ते सगळे रुळांना भिडले. व्यापाऱ्यांनीही धोतर खोचून एक टोक धरले. त्यांना धरू देण्यातच त्यांची शिक्षा आणि सुटका दोन्ही होती. मंगल कार्यालयातले ताठ रूळ असते तर उचलताच सांधे मोडून पडले असते. हे मात्र अजगरासारखे हातांवर लवले, हलले, उंचवट्यावरून अंग मोडीत अलीकडे आले आणि उरलेल्या अर्ध्याला जाऊन भिडले. एका बाजूला बोल्ट सरकला. दुसऱ्या बाजूला सरकला. छत्तीस तुकड्यांचे रिंगण, आधीपेक्षा थोडे आखूड पण अखंड, मैदानात पडले होते. मोडलेला तुकडा पूर्वी कितव्या नंबरचा होता, हे मोरेश्वराला आठवेना, आणि आठवले नाही म्हणून काही बिघडलेही नाही.

शिट्टी झाली. रोहिणी इंजिनामागे बसली. सात वर्षे त्या इंजिनाची तक्रार ऐकता ऐकता तिला ते नवऱ्याइतकेच चालवता येऊ लागले होते. चौघे म्हातारे बाकांवर पाय सोडून बसले. मोरेश्वर हैबतीपाशी आला.

“तात्या, बसा.”

“मी बसल्यावर सांधं कोण बघंल?” हैबती म्हणाला. हातोडी त्याच्या हातात होतीच. गाडीच्या कडेने चालायचे, हे त्याने गृहीतच धरले होते.

मोरेश्वराने हात पुढे केला. “मी बघतो. द्या हातोडी.”

हैबतीने शिष्याकडे नीट पाहिले. मोडलेल्या रुळाकडे पाहिले, समोरच्या बाजूने काढून ठेवलेल्या चांगल्या रुळाकडे पाहिले. मग हातोडी दिली, टोपी काढून झटकली आणि रावजीच्या मागे जाऊन बसला. टोपीतून तीन घड्या घातलेली यादी खाली पडली. ती कोणी उचलली नाही.

गाडी निघाली. उतारावर थोडी धावली, उंचवट्यावर थोडी धापली, आणि प्रत्येक सांध्यावरून जाताना चाके वाजू लागली. खटक्-खटक्. खटक्-खटक्. मंगल कार्यालयात गाडी मुकी धावली होती. इथे, त्या नाण्याच्या जाडीच्या फटींमुळे, तिला वाचा फुटली. रावजीने डोळे मिटले आणि मान डोलावू लागला. “आली,” तो म्हणाला. “आली बघ.” आवाज ऐकून जत्रेतली वयस्क माणसे पाळण्यांपासून, भज्यांच्या गाड्यांपासून, देवाच्या रांगेतूनसुद्धा वळली आणि मैदानाकडे येऊ लागली. देवानेही रांग मोडल्याचे मनावर घेतले नसावे.

मोरेश्वर कडेला उभा होता. गाडी समोरून गेली तेव्हा पाचांपैकी एकानेही निशाण दाखवले नाही, कारण आज ते आत होते. पाचहीजणांनी डब्यातल्या प्रवाशांसारखे हात हलवले. हैबती तर अंमळ जास्तच हलवत होता. मोरेश्वराचा हात आपोआप वर गेला. गाडी पुढे गेल्यावर त्याने वाकून सांध्यावर एक टोला दिला आणि ऐकले. सांधा किंचित हलला, आणि धरून राहिला.

त्या दिवशी गाडीने किती फेऱ्या केल्या हे कोणी मोजले नाही. मोजणारा माणूस मोजायचे विसरला होता. ऊन उतरल्यावर रूळ सोडवले गेले. सकाळी तुकडे वाटेल तसे उतरवले होते, म्हणून टेंपोवाला मंगल कार्यालयातल्या यादीच्या आठवणीने घाबरत घाबरत जवळ आला आणि विचारू लागला की आधी कोणता तुकडा चढवू.

“हाताला लागेल तो,” मोरेश्वर म्हणाला.